गार्डसाहेब म्हणतात

टक. टक टक. टक.

मामा डाव्या हाताच्या बोटानं मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यावर मारत होता, आणि तिथं काही नव्हतंच. नुसतं निळं आकाश आणि एक नवा गुबगुबीत ढग.

"थांब रे, मला बघू दे," मी म्हणाले. शनिवार होता, सकाळची शाळा. दप्तर अजून पाठीवरच होतं.

"बरं," मामा म्हणाला.

त्याला तेवढंच म्हणता यायचं. फेब्रुवारीत झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. पाय थोडासा परत आला, वाचा नाही आली. लिहायचं म्हटलं तर अक्षरं दिसायची पण जुळायची नाहीत. चाळीस वर्षांत जमवलेल्या शब्दांतला एकच उरला होता, बरं. रागावला तरी बरं, भूक लागली तरी बरं. आम्ही घरातले सूर ऐकून ओळखायचो. आत्ताचा सूर ‘अगं बाई, हे काय करून ठेवलंय’ असा होता.

मी मोबाईल घेतला. पडद्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत आलं होतं: ‘नवीन काय? झेंडे निवृत्त झाले! आता बोला आणि लढा!’

मी ते दोनदा वाचलं.

तेव्हा मी सातवीत. आता दहावीत आहे, जिल्ह्याच्या वक्तृत्वाच्या दोन ढाली आमच्या टीव्हीवर उभ्या आहेत आणि माईक दिसला की माझे हात शिवशिवतात. पण सातवीतली केतकी म्हणजे, काय सांगू! बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा माझ्या नावाला ‘हजर’ शेजारची तन्वी म्हणायची. माझा आवाज घशाच्या खाली कुठंतरी राहायचा. दुकानात जाऊन पावकिलो साखर मागायची तरी मी चिठ्ठी न्यायचे.

त्यामुळे मामाचं आणि माझं जमलं. दोघंही न बोलणारे.

मामा मालगाडीचा गार्ड होता. भुसावळहून निघालं की गाडीच्या शेवटच्या डब्यात तासन्‌तास एकटा, हातात लाल आणि हिरवी झेंडी. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं असा हुकूम आला तेव्हा तो आईला म्हणाला होता, "ताई, पाटी बदलली, डबा तोच. हादरेसुद्धा तेच." हे सगळं झटक्याच्या आधीचं. नंतर आई त्याला आमच्याकडे घेऊन आली. दवाखान्यातल्या बाईंनी त्याला एक चित्रांची पाटी दिली होती: पेला, ताट, संडास, आडवा झालेला माणूस. हवं त्यावर बोट ठेवायचं. मामानं ती पहिल्याच दिवशी गादीखाली सारली.

मग जूनमध्ये मी त्याला ‘गडझुंज’ शिकवलं.

हा मोबाईलवरचा खेळ. चाळीस जणांचं एक पथक, आपला एक गड, दुसऱ्याच्या गडाला वेढा घालायचा किंवा आपला राखायचा. चाळीस जण चाळीस गावांत बसलेले. आणि सेनापतीनं त्यांना हुकूम द्यायचे ते झेंड्यांनी! वरच्या कोपऱ्यात सात रंगांचे झेंडे. पिवळा डावीकडे रोवला की पायदळ डावीकडे, दोन निळे म्हणजे घोडेस्वार थांबा, लाल म्हणजे मागे फिरा. लढाई चालू असताना लिहायचं नाही, बोलायचं नाही; लिहून गप्पा मारायच्या त्या लढाईनंतर.

मामा आठवडाभरात माझ्यापुढे गेला आणि महिनाभरात सेनापती झाला. मी त्याचं नाव ठेवलं होतं गार्डसाहेब. वळणावर आख्खी गाडी शेपटापासून इंजिनापर्यंत बघायची सवय असलेला माणूस, त्याला आख्खं रण एकदम दिसायचं. मलकापूरच्या जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवणारे शेख सर, नंदुरबारची नर्सिंगची प्रणिता, सगळे त्याच्या झेंड्यावर नाचायचे. शेख सर लिहायचे, "गार्डसाहेब, तुमच्या डोक्याला तेल कोणतं लावता बाप्पा?" मी वाचून दाखवायचे आणि मामा इतका हसायचा की लाळ पुसावी लागायची.

मामा आजारी आहे हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. एकदा मी लिहायला लागले होते, ‘माझ्या मामाला बोलता येत नाही म्हणून’. त्यानं डावा पंजा आख्ख्या पडद्यावर ठेवला. काढेचना. मला समजलं. चित्रांच्या पाटीवर ‘पाणी’ होतं, ‘दोन तुकड्या डावीकडून वर पाठवा’ नव्हतं. इथं तो गार्डसाहेब होता, घरात आम्ही त्याचं तोंड पुसायचो.

फक्त खेळ बनवणाऱ्यांना स्वस्थता नव्हती. दर पंधरा दिवसांनी बदल. कधी घोडे स्वस्त, तोफा महाग. कधी तटावर तेल ओतायची सोय काढून टाकली. कधी सगळी बटणं डावीकडून उजवीकडे, आणि मामाला डावाच हात, म्हणून मोबाईल उलटा धरून शिकायचं. प्रत्येक बदलानंतर शेख सरांचा संताप वाचण्यासारखा असायचा. "काहून बदलता बाप्पा? चाललं तर होतं! उद्या सातच्या पाढ्यात बदल करून पाठवा, सात एकं आठ!" मामा मात्र चिडला तरी दोन दिवसांत नवं सगळं बोटांखाली घालायचा. त्याला हे आवडायचं असं मला वाटतं. काहीतरी शिकतोय, कुणीतरी ‘व्यायाम करा’ न म्हणता.

पण झेंडेच काढले?

"मामा, झेंडे गेले," मी म्हणाले. "आता माईक लावायचा. सेनापतीनं बोलून हुकूम द्यायचे. आणि... सेनापती आठवडाभर बोलला नाही तर पथक दुसरा निवडणार."

त्यानं मोबाईल माझ्या हातातून घेतला, पालथा करून मांडीवर ठेवला, आणि खिडकीकडे तोंड केलं. या वेळी ‘बरं’सुद्धा नाही.

आम्ही तक्रार केली. मी केली, मामाच्या शेजारी बसून. शेख सरांनी तर तीनशे जणांच्या सह्या जमवल्या. कंपनीकडून उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दुसऱ्या दिवशी अजून एक बदल आला, ढगांना सावल्या.

गुरुवारी शाळेतून आल्यावर मला युक्ती सुचली. मी त्याच्या खुर्चीसमोरच्या पाटावर पाठमोरी बसले, मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवला.

"तुला माझ्या खांद्यावरून दिसतंय ना? आता असं. डावा खांदा म्हणजे डावी बाजू. उजवा, उजवी. एक बोट पायदळ, दोन घोडे, तीन तोफा. मानेवर टिचकी म्हणजे चढाई. आणि आख्खा पंजा ठेवलास तर थांबा. तू पाठीवर सांग, मी तोंडानं सांगते."

डाव्या खांद्यावर दोन बोटं, आणि मानेवर टिचकी.

"घोडे, डावीकडून, चढाई!"

"बरं!" मामा ओरडला. हे बरं ऐकून आई पोळी तव्यावर टाकून धावत आली.

"काय झालं व माय?"

"काही नाही. लढाई सुरू झालीये."

"पुरू, हिला उन्हातान्हात लढायला पाठवू नको रे, उद्या चाचणी आहे तिची." पण मामाला हे बोलताना ती डोळे पुसत होती.

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा एकोणचाळीस अनोळखी लोकांसमोर तोंड उघडलं. मामाचा हात खांद्यावर होता म्हणून उघडलं, नाहीतर माईक चालू करायच्या आधीच पळाले असते.

"नमस्कार. मी... मी गार्डसाहेबांची भाची. त्यांचा माईक बिघडलाय. मी सांगते ते काय म्हणतात ते."

"मोठ्यानं बोल बेटा," शेख सरांचा आवाज आला, अगदी फळ्यापाशी उभं असल्यासारखा. "मच्छर बोलल्यावाणी येऊन राहिलं."

"गार्डसाहेब म्हणतात," मी मोठ्यानं म्हणाले, "घोडे डावीकडे!"

आणि मलकापुरातले, नंदुरबारातले, कुठकुठले घोडे डावीकडे धावले. माझ्या आवाजानं! मला हसू फुटलं.

मग रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. गार्डसाहेब म्हणतात, तोफा मागे. गार्डसाहेब म्हणतात, प्रणिताताई, तुमची तुकडी विहिरीपाशी ठेवा. आम्ही पुन्हा जिंकायला लागलो. माझा आवाज रोज बोटभर वर यायचा. शाळेत हजेरीला मीच ‘हजर’ म्हणाले तेव्हा तन्वी सवयीनं म्हणून मोकळी झाली होती, त्यामुळे माझी दोनदा हजेरी लागली आणि वर्ग हसला, आणि मीही हसले. बाई म्हणाल्या, "अरे वा, केतकीला कंठ फुटला!" दुकानात मी चिठ्ठीशिवाय गेले. येताना उगाच दोन वस्तूंचे भाव विचारून आले.

‘गार्डसाहेब म्हणतात’ हे शब्द मी कधी गाळले, ते मला खरंच आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलंय. लढाईची घाई असायची, दोन शब्द वाचवले की हुकूम लवकर पोचायचा. आधी कधीतरी गाळले असतील, मग नेहमीच. मग असं होऊ लागलं की खांद्यावर बोट टेकायच्या आधीच मला कळायचं काय येणार, आणि मी बोलून मोकळी व्हायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचं. मागून "बरं" यायचं, हलकंसं. मला ती शाबासकी वाटायची.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी मोठा वेढा होता. समोर सह्यकडा नावाचं पथक, साताऱ्याकडचं, मोसमात एकदाही न हरलेलं. वेळ दुपारी चारची. आईनं केळीचे वेफर्स तळले होते. मामानं अंघोळ करून कॉलरचा शर्ट घातला होता. म्हणजे आईनं घातला होता, पण त्यानं बोट दाखवून मागितला होता, आणि तो गार्डच्या पांढऱ्या कपड्यांतला होता.

पाऊण तास आम्ही अडकलो. मामाची बोटं भराभर चालत होती, डावा, डावा, उजवा, तीन, पंजा. मी बोलत होते. साडेचारनंतर त्यांचा पूर्वेचा दरवाजा अचानक उघडा पडला. एकही शिपाई नाही. सताड.

"दरवाजा!" प्रणिता किंचाळली. "केतकी, जायचं का?"

खांद्यावर आख्खा पंजा. थांबा.

समोर दरवाजा उघडा, एकोणचाळीस जण माझ्या शब्दासाठी थांबलेले. माझ्या!

"केतकी, बोल ना!"

पंजा दाबला गेला. जोरात. चार बोटं आणि अंगठा, मला अजून सांगता येईल कुठं कुठं.

मी खांदा झटकला.

फार नाही. अंगावर माशी बसली की झटकतो तेवढाच. पण मामाचा हात घसरून खाली गेला, आणि एकाच हाताचा माणूस तो, तोल जायला नको म्हणून त्यानं खुर्चीची कड धरली.

"सगळे आत!" मी ओरडले. "घोडे पुढे, पायदळ मागे, सगळे, सगळे आत!"

आणि आम्ही जिंकलो.

सह्यकडाच्या तिघांचं नेट त्याच वेळी गेलं होतं आणि दरवाज्याआडच्या त्यांच्या तोफा उडाल्याच नाहीत, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की मी जिंकले. माईकवर नुसता गलका. कुणी थाळी वाजवत होतं, कुणी घरातल्यांना ओरडून सांगत होतं. मी पाटावर उभी राहून नाचत होते, वेफर्स सांडले होते.

"शांत, शांत रे पोट्टेहो!" शेख सरांचा आवाज. "बेटा केतकी, आता एक खरं सांग. पाच हप्ते झाले माईक बिघडून. असा कोणता माईक असते बाप्पा? लाजाळू होतीस म्हणून मामाचं नाव पुढे केलं, हे काय आम्हाला समजत नाही का? गार्डसाहेब तूच ना? पहिल्यापासून?"

चाळीस घरांतले पंखे ऐकू येत होते.

मला नाही म्हणता आलं असतं. मामा मागेच बसला होता, दोन हातांच्या अंतरावर.

"हो," मी म्हणाले. आणि हसले. "मीच."

पुन्हा गलका. आपली सेनापती! वाघीण! प्रणिता म्हणत होती, मला तर वाटलंच होतं. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की मी मामाचं गुपित राखलं, त्यालाच नको होतं ना कुणाला कळायला. पण तेव्हा हे माझ्या डोक्यात नव्हतं. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की ते माझ्याबद्दल बोलताहेत.

मी वळले. "मामा, जिंकलो! बघितलंस?"

तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. गाडी निघून गेल्यावर फलाटावरचा माणूस जसा बघतो तसा. मग त्यानं मान हलवली, आणि खाली वाकून पायाशी सांडलेला एक वेफर उचलून बशीत ठेवला.

सोमवारी शाळेतून आले तर मोबाईल माझ्या अभ्यासाच्या टेबलावर होता. मी पाट मांडला, डबा ठेवला, पाठमोरी बसले.

"चल, साडेपाच झाले."

खांद्यावर काही आलं नाही.

"मामा?"

वळून पाहिलं. त्याच्या मांडीवर ती चित्रांची पाटी होती. गादीखालून त्यानं स्वतः काढली असणार, एका हातानं, किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक. त्यानं पेल्यावर बोट ठेवलं.

मी पाणी आणून दिलं. तो प्यायला. मग आडव्या माणसावर बोट ठेवलं, आणि मी त्याला झोपायला मदत केली. आई खूश झाली. दवाखान्यातल्या बाईंना फोन करून म्हणाली, अखेर वापरायला लागला हो.

मी त्याला पुन्हा विचारलं. मंगळवारी, गुरुवारी, दिवाळीच्या सुट्टीत. पाठमोरी बसून राहायचे. "मी चुकले रे," असं एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणालेही. मागून "बरं" आलं. त्या सुराचा अर्थ मला लागला नाही. तोवर मला त्याचे सगळे सूर कळायचे.

मी एकटीच सेनापती झाले आणि आम्ही हरायला लागलो. नोव्हेंबरात तीन वेढे, डिसेंबरात पाच. प्रत्येक वेळी नुकताच काहीतरी बदल आलेला असायचा, त्यामुळे सोपं होतं. तोफांचा पल्ला कमी केला म्हणून हरलो. विहिरी हलवल्या म्हणून हरलो. "ह्या कंपनीनं वाट लावली खेळाची," शेख सर म्हणायचे. "नाहीतर आपली केतकी हरणारी नव्हती." मीही म्हणायचे. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणायचे. कंपनीला शिव्या देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, लोक नुसते ते ऐकायला थांबायचे.

जानेवारीत मामाला दुसरा झटका आला. तीन दिवस दवाखान्यात होता. मी दोन वेळा गेले, त्याच्या डाव्या हाताखाली माझा खांदा नेऊन ठेवला. हात होता तिथंच राहिला. बुधवारी दुपारी तो गेला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी खेळ उघडला. खेळायला नाही. सकाळचे अकरा वाजले होते, तेरा-चौदा जण असतील.

"ये ये, सेनापती!" शेख सर म्हणाले. "कुठं होतीस? पुन्हा बदल आणला बघ ह्यांनी, शिड्याच काढून टाकल्या."

"सर," मी म्हणाले. "गार्डसाहेब गेले."

"कुठं गेले?"

"वारले."

आणि मग हसू. आधी एकाचं, मग सगळ्यांचं. वाईट नव्हतं ते, प्रेमाचंच होतं.

"काय ग केतकी," प्रणिता म्हणाली. "सकाळी सकाळी! तू तर बोलतेयस."

"भूत असेल," कुणीतरी म्हणालं. "शिड्या मागायला आलंय."

मी माईक धरून बसले होते. शेजारच्या खोलीत आई मामाचे कपडे घडी करत होती, आणि ते हसू तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज कमी केला. मग परत वाढवला.

"मी गार्डसाहेब नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हते. गार्डसाहेब म्हणजे माझा मामा, पुरुषोत्तम लीलाधर फेगडे. त्याला बोलता येत नव्हतं. तो माझ्या पाठीवर बोटांनी सांगायचा आणि मी नुसती म्हणायचे. दिवाळीच्या आधीपर्यंत. मग त्यानं सोडलं."

हसू थांबलं. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"दिवाळीच्या आधीपर्यंत," शेख सर हळू म्हणाले. फळ्यावर उदाहरण मांडून उत्तराकडे बघत असावेत तसे. "म्हणजे बेटा, त्यानंतर आपण हरत होतो, ते ह्या बदलांमुळं नव्हतं?"

"नाही, सर," मी म्हणाले.